सर्व मंडळींना कळवण्यात येते की

रविवार, ३ फेब्रुवारी

मी दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते, हाच माझा गुन्हा. आज उपासना संपता संपता पाळकसाहेबांनी जाहीर केलं की यापुढे चर्चच्या सूचना फोनवर द्यायच्या नाहीत. सगळ्या मंडळींना एकाच वेळी मेसेज जाईल. त्यांच्या घरचा फोनही ते काढून टाकतायत म्हणे. आणि हे काम कोण करणार, तर आपल्या ताई, कारण त्या पेशंटना रोज असे मेसेज पाठवतात. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी काय बोलणार? पदरी पडलं आणि पवित्र झालं.

नंतर दारात गाठून म्हटलं, "पाळकसाहेब, आधी मला विचारायला हवं होतंत."

ते हसले. म्हणाले, "हो, हो. फार आभारी आहे."

माणूस सहा वर्षं इथे आहे. आधी असा नव्हता.

बुधवार, ६ फेब्रुवारी

दोन दिवस नुसते नंबर गोळा करण्यात गेले. एकानं बायकोचा दिला, बायकोनं मुलीचा दिला, आणि मुलगी म्हणते मला पाठवू नका. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी ताबडतोब नियम काढला: प्रत्येक मेसेज आधी त्यांना दाखवायचा. ते शुद्धलेखन तपासणार.

पहिला मेसेज आज गेला. "गुरुवारची प्रार्थनासभा सहाऐवजी पाच वाजता होईल. पुढच्या पायऱ्यांची दुरुस्ती चालू असल्यामुळे सर्वांनी मागच्या दारानं यावं." मला काय माहीत की आपल्या लिपीत लिहिलं की एका मेसेजमध्ये जेमतेम एक ओळ बसते आणि पुढचे तुकडे पडतात. बऱ्याच जणांना शेवटचा तुकडा आधी गेला. त्यांना एवढंच कळलं की सर्वांनी मागच्या दारानं यावं. कधी आणि कशाला, ते तासाभरानं.

मग उत्तरं सुरू. "आपण कोण?" "कोणतं दार?" एकानं नुसतंच "मी पण."

हे शेजारी बसून हसत होते. म्हणाले, "तुझी तक्रार होती ना, तुला कोणी विचारत नाही म्हणून?"

रविवार, १० फेब्रुवारी

लिहायचीही लाज वाटते. काल दवाखान्यात गर्दी, फोन एक आणि कामं दोन. पेशंटचा मेसेज मंडळींना गेला. "आठवण: उद्या सकाळी दहाला वेळेवर यावे. येण्यापूर्वी दात स्वच्छ घासावेत."

उपासना दहालाच असते, त्यामुळे कोणाला संशयसुद्धा आला नाही. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. तो टोमणा आपल्यालाच होता, अशी त्यांची खात्री आहे. हेडमास्तर म्हणाले, "मला न दाखवता पाठवलंत, त्याचं हे फळ. बाकी 'घासावेत' बरोबर आहे."

पाळकसाहेबांना मी सगळं समजावून सांगत होते, तर ते मध्येच म्हणाले, "हो, आज हवा छान आहे."

बुधवार, १३ फेब्रुवारी

गायनाचा सराव सातला की आठला, एवढं विचारायला चर्चच्या ऑफिसात गेले. विचारलं, "सराव सातला की आठला?"

"हो," पाळकसाहेब म्हणाले.

"हो म्हणजे? सातला?"

"तसंच करू."

शेवटी त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "ताई, जे असेल ते लिहून देत जा. तोंडी सांगितलेलं राहून जातं."

सरकारी साहेबसुद्धा एवढं करत नाहीत. आणि बोलत असताना सारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. मला वाटलं दातात काही अडकलंय. दवाखान्यात परत येऊन आरशात बघितलं, डॉक्टरांचा छोटा आरसा घेऊन मागचे दातही बघितले. काही नव्हतं.

रविवार, १७ फेब्रुवारी

ऑर्गनबाई आता पाळकांवरही रुसल्या. त्या शेवटचं कडवं वाजवत होत्या, मंडळी गात होती, आणि पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहून बोलायलाही लागले. अर्धे लोक गातायत, अर्ध्यांनी डोळे मिटलेत. बाईंनी ऑर्गनचं झाकण आपटलं, तरी यांनी वळून बघितलं नाही. नंतर विचारलं तर म्हणे, गाणं फार लांबलं होतं.

घरी येताना मी चिडून हे सगळं बोलत होते. सासूबाई गाडीत मागे बसल्या होत्या. त्यांना गेली काही वर्षं कमी ऐकू येतं. त्यांनी विचारलं, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, आई."

त्या म्हणाल्या, "पाळक बाकी चांगला. तो एकटाच माझ्याशी मला कळेल असं बोलतो. तोंड समोर ठेवून."

त्यांना कोणीही चांगलं वाटतं.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

आज डोकं ठिकाणावर नाही.

सुतारकाकू दवाखान्यात आल्या होत्या. सुतारकाका गेल्यावर त्या आणि मुलगा, एवढंच घर. चर्चमधली सगळी बाकं काकांच्या हातची. दात दुखतोय म्हणाल्या, पण आत जायला तयार नाहीत. माझ्या टेबलापाशीच बसून राहिल्या. मग सांगितलं. मुलगा भांडून घर सोडून गेला. शहरात गेला एवढंच माहीत. फोन बंद. रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी दारात पाळकांना गाठलं. आजूबाजूला गर्दी, रडू आवरत नव्हतं, म्हणून तोंडाला रुमाल लावूनच बोलल्या. सगळं सांगितलं.

"मग काय म्हणाले?"

"हसले गं," काकू म्हणाल्या. "हसले आणि म्हणाले, 'छान, छान. आनंदाची गोष्ट आहे. देव त्याचं भलं करो.'"

"काका गेले तेव्हा हाच माणूस रोज येऊन बसायचा माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "आता मी त्या दारात पाय ठेवणार नाही."

दात न दाखवताच गेल्या.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

मी हेडमास्तरांना सांगितलं. सांगायला नको होतं असं मुळीच वाटत नाही. पाळकांची मुदत मार्चअखेर संपते, ती वाढवायची की नाही हे मंडळींनी ठरवायचं असतं. एरवी दोन मिनिटांत हात वर होतात. हेडमास्तर म्हणाले, या वेळी चर्चा होऊ द्या. त्यांनी मेसेज सांगितला: "३ मार्चला उपासनेनंतर मुदतवाढीबाबत सभा." मी म्हटलं, यानं कोणी थांबणार नाही, लोक जेवायला पळतील. आणि मीच पुढे जोडलं: "पाळकांच्या वागणुकीबद्दल ज्यांची तक्रार आहे त्यांनी जरूर थांबावं."

हेडमास्तर जरा घुटमळले. मग म्हणाले, "शुद्ध आहे."

पाठवला. या वेळी एकाही माणसानं "आपण कोण?" विचारलं नाही. तक्रारी यायला लागल्या. दार वाजवलं तरी उघडत नाहीत. रस्त्यात हाक मारली तर सरळ निघून जातात. आजारी माणसाला भेटायला आले आणि भलतंच बोलून गेले. गर्व झालाय, शिष्ट झालेत, मोठ्या चर्चकडे डोळा असेल. पाळकसाहेबांचाही नंबर यादीत आहे. त्यांचं नेहमीसारखं उत्तर आलं: "वाचलं. आभारी आहे."

म्हणजे बघा, कातडी किती जाड.

रविवार, २४ फेब्रुवारी

आज चर्चमध्ये सगळे ताठ बसले होते. पाळकांनी प्रवचन मात्र चांगलं केलं, ते मान्य करायला हवं. नंतर दारात कोणी थांबलं नाही. ते एकटेच उभे होते, हात पुढे करायच्या तयारीत.

दुपारी भांडी आवरताना सासूबाईंनी विचारलं, "सगळे त्याच्यावर का रागावलेत?"

मी नेहमीसारखं "काही नाही" म्हणणार होते. पण त्या हटून बसल्या. शेवटी त्यांच्या समोर बसून मोठ्यानं सगळं सांगितलं, सुतारकाकूंचंही.

त्या म्हणाल्या, "अगं, त्याला ऐकू येत नाही."

"कोणाला?"

"पाळकाला. माझ्यासारखंच झालंय त्याचं. हल्ली तो तोंडाकडे बघतो. कळलं नाही की हसतो आणि 'छान' म्हणतो. मी तुमच्या पाहुण्यांसमोर दुसरं काय करते?"

मी म्हटलं, "काहीतरीच. मग सांगत का नाहीत?"

सासूबाई ओट्याकडे बघत म्हणाल्या, "मी सांगितलं तेव्हा काय झालं? तुम्ही माझ्याशी बोलायचंच सोडलंत. काय झालं विचारलं की काही नाही. काय हसताय विचारलं की काही नाही. दिवसभर या घरात काहीच होत नाही."

मला एवढा राग आला की मी बाहेर जाऊन वाळत घातलेले कपडे काढले. ते अजून ओलेच होते.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात गेले. पाळकसाहेब दाराकडे पाठ करून खिडकीची सैल झालेली काच बसवत होते. मी उंबऱ्यातून म्हटलं, "पाळकसाहेब." काम चालू. "पाळकसाहेब, चर्चला आग लागलीय." त्यांनी फडक्यानं काच पुसली. मी अजून मोठ्यानं म्हटलं, "या रविवारी हेडमास्तर प्रवचन देणार आहेत, दोन तास."

त्यावर तर बाकांनीसुद्धा मान वळवली असती. हे शांतपणे खिळा ठोकत होते.

मी खुर्चीत बसले. थोड्या वेळानं ते वळले आणि दचकले. माझं तोंड बघून त्यांना समजलं असावं. हातोडी खाली ठेवली.

मी फोन काढला आणि समोर बसून त्यांना मेसेज केला. "केव्हापासून?"

त्यांच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी तो वाचला. मग त्यांनीही टाईप केलं. माणूस हाताच्या अंतरावर, आणि आमचं बोलणं कुठल्या तरी टॉवरवरून फिरून येत होतं.

"दोन वर्षं. दोन्ही कान. वाढत जाणार म्हणतात."

"मशीन?"

"आहे. एकट्या माणसाचं बोलणं थोडं कळतं. चर्चमध्ये नुसता गोंगाट होतो. म्हणून काढून ठेवतो."

"सांगितलं का नाही?"

यावर ते फोन ठेवून तोंडानं बोलले. आवाज नको तितका मोठा. "ताई, प्रवचन काय, लिहून वाचता येतं. पण लोक माझ्याकडे सांगायला येतात. तेच जमत नाही म्हटल्यावर मला ठेवतील कशाला? मला दुसरं काही येत नाही."

मी सुतारकाकूंचं लिहिलं. पूर्ण लिहिलं, ते काय म्हणाले तेसुद्धा. ते वाचताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"मला 'मुलगा' आणि 'शहरात गेला' एवढंच कळलं," ते म्हणाले. "मला वाटलं नोकरी लागली."

कोटसुद्धा न घालता निघाले. मी मागोमाग गेले. काकूंच्या घराची खिडकी उघडी होती, आत पंखा चालू होता. ते दार वाजवत राहिले. आतून काकूंचा आवाज आला, "जा म्हणावं." तो त्यांना ऐकू आला नाही, म्हणून ते वाजवतच राहिले. शेवटी मीच त्यांच्या दंडाला धरून मागे आणलं.

वाटेत त्यांनी सांगितलं, इतक्यात कोणाला कळू देऊ नका. मी हो म्हटलं. आणि दिवसभर चिडचिड. सगळ्या मंडळींचे फोन माझ्या एका बोटाखाली, आणि त्याच बोटानं मी त्यांच्याबद्दल तक्रारी मागवल्या होत्या.

शुक्रवार, १ मार्च

हे म्हणतात, "तू पोस्टमन आहेस. पत्रात काय आहे त्याची काळजी पोस्टमननं करायची नसते." यांना कोणी विचारलं होतं? पोस्टमन पत्रात स्वतःच्या ओळी घालत नाही. मी घातली होती.

दुपारी पाळकसाहेबांचा मेसेज आला. हा सर्वांना पाठवा, म्हणाले. भलामोठा होता. सुरुवातीला आभार, मग पवित्र शास्त्रातलं वचन, मग प्रकृतीची हकीकत, आणि मुद्दा सगळ्यात शेवटी. असा पाठवला असता तर तुकड्यांची काशी झाली असती. मी कळवलं, लहान करा. त्यांनी लहान केला. अजून लहान करा म्हटलं. त्यांनी वचन तेवढं ठेवलं आणि बाकी सगळं काढलं. शेवटी मीच बसले. प्रत्येक वाक्य वेगळा मेसेज, म्हणजे मागचं पुढे होणार नाही. एक गेला की थांबायचं, मग दुसरा.

"मी तुमचा पाळक. मला नीट ऐकू येत नाही."

"दोन वर्षं मी हे लपवलं. ती माझी चूक."

"ज्यांचं दुःख ऐकून मी हसलो, त्यांनी मला क्षमा करावी."

"सभेत जे बोलायचं ते समोर येऊन बोला. मी वाचेन."

हेडमास्तरांना दाखवला नाही. त्यांचा लगेच फोन आला. "मला न विचारता?" मी म्हटलं, "पाळकांचा होता, सर. मी फक्त पाठवला." खरं तर भीतीच वाटली होती.

त्यानंतर फोन गप्प. एरवी "मी पण" लिहिणारेसुद्धा गप्प. संध्याकाळी एकच उत्तर आलं, ऑर्गनबाईंचं. "म्हणजे कडवं खरंच ऐकू आलं नव्हतं?"

रविवार, ३ मार्च

सभा झाली. सगळे थांबले, दारात उभे राहिले होते तेसुद्धा. पाळकसाहेबांनी खुर्ची मध्ये घेतली, मला शेजारी बसवलं आणि फोन माझ्या हातात दिला. लोक काय बोलतात ते मी टाईप करायचं आणि त्यांनी वाचायचं. माझ्या आयुष्यात एवढी बोटं दुखली नव्हती. लोक एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, अर्धं वाक्य सोडून देतात, खोकतात. मी सारखी म्हणत होते, एक एक जण बोला.

हेडमास्तर उठले. म्हणाले, आजार ही गोष्ट वेगळी, पण दोन वर्षं मंडळींची फसवणूक झाली. मी "नाराजी" असं टाईप केलं.

पाळकसाहेबांनी स्क्रीनकडे बघितलं, मग हेडमास्तरांकडे. "ताई, ते फसवणूक म्हणाले. मी ओठ वाचले." मग त्यांना म्हणाले, "बरोबर आहे, सर. फसवणूकच."

हेडमास्तर उभेच राहिले. पुढचं वाक्य त्यांनी तयार केलं असणार, पण ते काढलं नाही. खाली बसले.

मग मी फोन मांडीवर ठेवला आणि तोंड पाळकांकडे करून सावकाश म्हटलं की तक्रारीची ती ओळ हेडमास्तरांची नव्हती, माझी होती. ते म्हणाले, "माहीत आहे. सर असं लिहीत नाहीत." लोक हसले. मला ते काही फारसं विनोदी वाटलं नाही.

त्यानंतर मधल्या बाकावरून सासूबाई उठल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. हळूहळू चालत पाळकांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, "मशीन घालत जा. सुरुवातीला डोकं दुखतं, मग सवय होते. आणि कळलं नाही तर हसू नकोस. 'परत सांगा' म्हण. लोकांना कंटाळा आला तर येऊ दे." मी हे टाईप केलं नाही. गरज नव्हती, त्यांना सगळं कळलं होतं.

हात वर झाले. सगळ्यांचे नाहीत. एक वर्ष मिळालं, पुढच्या मार्चला पुन्हा विचार. सुतारकाकू शेवटच्या बाकावर होत्या. त्या बोलल्या नाहीत आणि त्यांनी हातही वर केला नाही.

घरी येताना सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवलं. हे मागे. वाटभर त्यांच्याकडे तोंड करून बोलता बोलता माझी मान धरली.

बुधवार, ६ मार्च

आज सुतारकाकूंनी दवाखान्यात येऊन दात काढून घेतला. गालात कापूस तसाच ठेवून म्हणाल्या, "माझ्याबरोबर चल." ऑफिसात गेलो. मी आधीच फोन काढून तयार. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू बाहेर थांब."

"अहो, पण त्यांना कळणार कसं?"

"मी सांगेन."

इतकं सगळं मी निस्तरायचं आणि ऐन वेळी बाहेर थांबायचं. पायरीवर बसले. दार अर्धवट उघडं होतं. काकूंनी खुर्ची ओढून पाळकांच्या अगदी समोर घेतली, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी. तोंडातला कापूस काढून रुमालात गुंडाळला आणि रुमाल बाजूला ठेवला. रडू आलं तरी तोंड झाकलं नाही. पाळकसाहेब मधून मधून हात वर करून म्हणत होते, "परत सांगा." त्या परत सांगत होत्या. एकेक वाक्य दोनदा, तीनदा. मला काही ऐकू आलं नाही, आणि डॉक्टरांचे पेशंट तिकडे खोळंबले होते.

बाहेर आले तेव्हा पाळकसाहेबांनी कोट घातला होता. कानात मशीन होतं. म्हणाले, "ताई, उद्याची प्रार्थनासभा रद्द करा. आम्ही शहरात चाललोय, मुलाचे दोन मित्र आहेत तिथे, त्यांना विचारू. आजची गाडी मिळेल."

मी म्हटलं, "आत्ता? सगळ्यांना?"

"परत सांगा."

"काही ना..." म्हणता म्हणता जीभ चावली. त्यांच्या समोर उभी राहिले आणि म्हटलं, "म्हटलं, जा. मी कळवते."

दोघं रस्त्यानं निघाले. काकू बोलत होत्या आणि पाळकसाहेब त्यांचं तोंड दिसावं म्हणून तिरके चालत होते. विजेच्या खांबावर आदळणार, एवढ्यात काकूंनी बाही धरून बाजूला ओढलं. ती बाही मग त्यांनी सोडली नाही.

मी पायरीवर बसूनच मेसेज लिहिला. उद्याची प्रार्थनासभा होणार नाही, पाळक आणि सुतारकाकू प्रवासात आहेत, ज्यांना प्रार्थना करायची आहे त्यांनी घरी करावी आणि कारण विचारू नये. सर्वांना पाठवला.

पहिलं उत्तर हेडमास्तरांचं. "कोणाच्या परवानगीनं?"

मी लिहिलं, "माझ्या."